नवीन पत्ता : इंटरनेट

घरचा फोन काढून टाकायचा आणि नंबर तेवढा ठेवायचा, ही कल्पना मूळची लवू बागव्यांची नव्हे. ती टेक्सासहून आली. एरवी मसुऱ्यात येणाऱ्या कल्पना मालवणहून, फार तर कणकवलीहून येतात, आणि एस.टी.ने येत असल्यामुळे पोचेपर्यंत त्यांचा बराचसा जोर वाटेतल्या खड्ड्यांत सांडतो. ही मात्र २००८ सालच्या गणपतीआधी, एका रविवारी सकाळी साडेसातला, त्यांच्या मुलाच्या, सिद्धेशच्या तोंडून थेट कानात आली.

“बाबा, मी हयलो घरचो फोन काढून टाकलंय,” सिद्धेश म्हणाला. “आता सगळा बोलणा इंटरनेटवरसून.”

“आणि नंबर?” लवूंनी विचारलं. कोणी गेल्याचं कळल्यावर ‘आणि मुलं?’ असं विचारतात, त्या सुरात.

“नंबर तोच. जुन्या कंपनीकडसून नव्या कंपनीक न्हेवक गावता. तुमकाय एक डबी धाडतंय. अमेरिकेक फुकट बोला, सकाळ-संध्याकाळ.”

‘फुकट’ हा शब्द लवूंच्या पत्नीने, सत्यवतीबाईंनी, स्वयंपाकघरातून ऐकला. लवूंनी ऐकलं ते ‘नंबर तोच’.

लवू बागवे कणकवली स्टँडवर सव्वीस वर्षं कंट्रोलर होते. गाडी बदलते, ड्रायव्हर बदलतो, कधीकधी गाडी येतच नाही. पण फेरीचा नंबर बदलता कामा नये, नाहीतर मनुष्य आणि जनावर यांत फरक राहत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या फोनचे शेवटचे तीन आकडे होते चारशे बेचाळीस. वाडीत पहिला फोन आला तो त्यांच्याकडे, अठ्ठ्याण्णव साली, आणि तेव्हापासून ‘चारशे बेचाळीस’ हे वाडीचं दुसरं नाव झालं होतं. रेशन दुकानाच्या भिंतीवर तो कोळशाने लिहिलेला होता. चार घरांच्या लग्नपत्रिकांत तो छापलेला होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अक्षदाच्या बायोडाटावर तो होता. अक्षदा त्यांची धाकटी. हायस्कुलात गणित शिकवायची, आणि तिच्या बायोडाटाच्या साठ प्रती कुडाळपासून ठाण्यापर्यंत हिंडत होत्या. घरात मोबाईल होता, नाही असं नाही. पण त्याला रेंज फक्त विहिरीच्या काठावर. मुलीकडच्या बापाने स्थळाला ‘जरा थांबा, विहिरीवर जातो’ असं सांगणं बरं दिसत नाही.

गणपतीत सिद्धेशचा एक मित्र अमेरिकेहून आला, तो डबी घेऊनच. सुपारीच्या डब्याएवढी काळी डबी, तिला दोन भोकं आणि एक दिवा. लवूंनी ती देवासमोर ठेवली, कुंकू लावलं आणि मग एका भोकात फोनची वायर खुपसली. डबी मख्ख. समोरचा बाबू रिक्षावाला तोवर ओटीवर येऊन बसलाच होता. बाबू हा सल्ल्याचा माणूस. रिक्षा चालवायचा तो केवळ सल्ल्याला गिऱ्हाईक मिळावं म्हणून.

“लवूदादा, दुसऱ्या भोकात इंटरनेट होया,” बाबू म्हणाला.

“ता खंय गावता?”

“फोनात.”

म्हणजे मामला असा होता : घरचा फोन काढून टाकायचा तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेट हवं तर घरचा फोन हवा. लवूंनी हे सत्यवतीबाईंना तीन वेळा समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “म्हणजे सून घरात येवची म्हणान सासूक काढूची, आणि सून सासूच्याच खोलयेत रवतली,” आणि त्या नारळ खवायला निघून गेल्या. यापेक्षा स्पष्ट कोणी मांडलेलं नाही.

ब्रॉडबँडचा अर्ज केला. तीन महिन्यांनी, नाताळाच्या सुमारास, इंटरनेट आलं. डबीचा दिवा हिरवा झाला आणि सत्यवतीबाई सुनेशी, तेजस्वीशी, भरल्या वांग्यांवर सव्वा तास बोलल्या. टेक्सासच्या वांग्यांना बिया जास्त असतात हे त्या दिवशी साऱ्या वाडीला फुकटात समजलं.

पण दुसऱ्याच दिवशी घोटाळा लक्षात आला. डबीला स्वतःचा नंबर होता, आणि तो टेक्सासचा होता. लवूंनी उत्साहाने समोरच्या बाबूला फोन लावला; त्याच्या अंगणात रेंज यायची. बाबूच्या मोबाईलवर अधिक एकने सुरू होणारा लांबलचक आकडा उमटला. परदेशातून फोन करून लॉटरी लागल्याचं सांगतात आणि माणसाला धुऊन काढतात, असं बाबूने पेपरात वाचलं होतं. तो अंगणात उभा राहून इंग्रजीत ओरडला, “नो लॉटरी! नो लॉटरी!” आणि त्याने फोन कापला. लवू खिडकीतून त्याच्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा लावला. बाबूने या वेळी इंग्रजीत जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं निम्मं मालवणीत होतं.

उलट बाबूला लवूंच्या डबीवर फोन करायचा झाला तर कॉल आधी अमेरिकेला जाणार आणि तिथून वळून रस्त्यापलीकडे येणार. हाक मारली तर नऊ पावलं, फोन केला तर सातासमुद्रापार. असे एकोणीस दिवस गेले. त्या एकोणीस दिवसांत लवूंनी कणकवलीच्या राऊळांना दोनदा डबीवरून फोन केला. राऊळांचा मुलगा प्रितेश पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, स्थळ सोन्यासारखं. पण परदेशी नंबर बघून त्यांनी तो उचललाच नाही.

“कित्याक डबयेवरसून करतास?” अक्षदा म्हणाली. “आपलो फोन चालू आसा ना अजून?”

“तो आता काढूचो आसा,” लवू म्हणाले. “फक्त चारशे बेचाळीस डबयेर घेतलो काय झाला. सिद्धेशान थय केल्यान, तर माका हय जमाचा नाय?”

ही त्यांची जात. स्टँडवरसुद्धा त्यांनी कधी ‘गाडी रद्द’ असं सांगितलं नाही. ‘गाडी लवकरच लागेल’ म्हणत चार-चार तास काढले.

जानेवारीच्या शेवटी ते इस्त्रीचा शर्ट घालून मालवणच्या टेलिफोन ऑफिसात गेले. खिडकीत रूपाली मॅडम होत्या. ऑफिसच्या दारात पाय ठेवताच लवूंची मालवणी आपोआप बाहेर राहत असे, चपलांसारखी.

“मला माझा फोन इंटरनेटवर न्यायचा आहे. नंबर तोच ठेवून.”

“तशी सोय नाही.”

“अमेरिकेत आहे.”

“मग अमेरिकेत अर्ज करा.”

“मॅडम, मी सव्वीस वर्षं सरकारी महामंडळात काढली आहेत. सोय नसते हे मला ठाऊक आहे. अर्ज असतो की नाही ते सांगा.”

हा युक्तिवाद रूपाली मॅडमना पटला असावा, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं. “तीन अर्ज आहेत. कायमचा बंद, शिफ्टिंग, नावात बदल. तुम्हाला कुठला देऊ?”

बंद हा शब्द लवूंच्या काळजाला लागला. नाव तर बदलायचं नव्हतं. राहिलं शिफ्टिंग. त्यांनी बाकावर बसून सुवाच्य अक्षरात फॉर्म भरला. ‘सध्याचा पत्ता : मु. पो. मसुरे.’ त्याखाली ‘नवीन पत्ता.’ लवूंनी क्षणभर विचार केला आणि प्रामाणिकपणे लिहिलं : ‘इंटरनेट.’ त्याखाली ‘जवळची खूण’ असा रकाना होता. हा त्यांना अवघड गेला. सिद्धेश एकदा म्हणाला होता की इंटरनेट समुद्राखालच्या तारेतून येतं. त्यांनी लिहिलं : ‘समुद्राच्या बाजूस.’

पुढचा प्रकार लवूंना फार उशिरा कळला, पण आपण तो आत्ताच समजून घेऊ. रूपाली मॅडमच्या कंप्युटरला पत्ता लिहून चालत नसे. त्याच्या यादीतलं गाव निवडावं लागे. यादीत इंटरनेट नावाचं गाव नव्हतं. पत्ता कोरा ठेवला तर कंप्युटर पुढे सरकेना. मागे रांग वाढत होती. मॅडमनी अर्जावरची खूण पाहिली आणि त्याच एक्स्चेंजखालचं, समुद्राच्या बाजूचं एक गाव निवडलं : तोंडवली.

लवू घरी आले ते पेढे घेऊन. आणि चौथ्या दिवशी घरचा फोन मेला. त्याच्याबरोबर इंटरनेट मेलं, आणि इंटरनेटबरोबर डबी. दिवा लाल झाला, मग तोही गेला.

“हलवतहत,” लवूंनी सगळ्यांना सांगितलं. “हलवताना येळ लागता.”

आठवडाभर ते असंच सांगत राहिले. एरवी तक्रार केली असती, पण आंगणेवाडीची जत्रा तोंडावर होती आणि टेलिफोनची सगळी माणसं तिकडे तारा ओढण्यात गुंतली होती. देवीच्या कामात आपलं रडगाणं कोण गाणार?

आठव्या दिवशी सकाळी काशीबाई आली. काशीबाई तोंडवलीची. सकाळच्या एस.टी.ने मासळीची पाटी घेऊन मसुऱ्यात यायची आणि बागव्यांची ओटी हे तिचं दुसरं घर. त्या दिवशी तिने पाटी उतरवली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, “कंट्रोलरांनू, तुमचे तीन फोन इले.”

“खंय इले?”

“माझ्याकडे. एक ठाण्याच्यो मावशी, तेंका गुडघ्याचा तेल होया. एक रेशनवालो. आणि एक कोणतरी नुसतोच खोकलो आणि फोन ठेवल्यान.”

“तो माझो चुलतभाव,” लवू यांत्रिकपणे म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते ओटीच्या खांबाला धरून खाली बसले.

झालं होतं ते साधं होतं. लाइनमन बाबली देवगडहून नुकताच बदलून आला होता. त्याच्या कागदावर ‘बागवे, तोंडवली, समुद्राच्या बाजूस’ असं होतं. तोंडवलीत समुद्राच्या बाजूला सगळेच राहतात आणि बागवे कोणी नाही. तो फोन काखेत घेऊन दुपारभर वाळूत हिंडला. शेवटी काशीबाईच्या अंगणात पाणी प्यायला थांबला. काशीबाईने विचारलं, ह्या काय? तो म्हणाला, फोन, पण माणूस गावत नाय. काशीबाईने दोन वर्षांपूर्वी फोनसाठी अर्ज केला होता आणि तेव्हापासून त्या अर्जाला समुद्राने गिळलं होतं. ती म्हणाली, “फोनाक माणूस होया ना? मी आसंय मा. हय लाव.” बाबलीला कागदावर ‘काम पूर्ण’ असा शिक्का हवा होता. त्याने लावला.

लवू तडक मालवणला गेले. “माझा फोन बंद आहे,” ते खिडकीत म्हणाले.

रूपाली मॅडमनी नंबर विचारला आणि समोरच्या फोनवरून फिरवला. पलीकडून काशीबाईचा आवाज आला, एवढा मोठा की रांगेतल्या चौघांनी ऐकला : “हॅलो! कोण ता? बागवे घराक नाय हत, सांगा काय ता!”

“चालू आहे,” मॅडम म्हणाल्या.

लवूंनी सगळी हकीगत सांगितली. मॅडमनी अर्ज काढून बघितला. ‘नवीन पत्ता : इंटरनेट’ यावर त्यांची नजर थांबली. त्यांनी तो कागद शेजारच्या टेबलावर दिला, तिथून तो आतल्या केबिनमध्ये गेला, आणि केबिनमधून हसण्याचा आवाज येऊन मग कोणीतरी दार लावून घेतलं. लवू ताठ उभे राहिले. सव्वीस वर्षं प्रवाशांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, दगड दाखवले होते; हसलं मात्र कोणी नव्हतं.

“परत शिफ्ट करता येईल,” मॅडम शक्य तेवढ्या गंभीरपणे म्हणाल्या. “पण एका शिफ्टिंगनंतर नव्वद दिवस दुसरं होत नाही. कंप्युटर घेत नाही.”

तेव्हापासून बागव्यांची टपाल व्यवस्था काशीबाईच्या पाटीतून सुरू झाली. बांगड्यांबरोबर निरोप, सुरमईबरोबर निरोप. सत्यवतीबाई खूश होत्या. “आधी फोन इलो की उठान धावूचा लागी,” त्या म्हणायच्या. “आता येता तो साफ करून येता.” बाबूने गावभर करायचा तो बोभाटा केला आणि तीन रस्त्यांच्या तिठ्यावर लोक लवूंना ‘इंटरनेटवाले बागवे’ म्हणू लागले. लवूंनी तिठ्यावर जाणं सोडलं.

फेब्रुवारीच्या एका गुरुवारी काशीबाई आली ती पाटी न उतरवताच बोलू लागली.

“कणकवलीच्या राऊळांचो फोन होतो. प्रितेशची आवस बोलत होती, यशोदाबाई. रयवारी धा वाजता चेडवाक बघूक येतत. मी हो म्हणान सांगलंय.”

“आमका विचारल्याशिवाय?” लवूंचा आवाज चढला.

“विचारूक फोन खंय करू? तुमचो फोन माझ्याकडे!”

रविवारी बागव्यांच्या घरी पहाटेपासून गडबड. पोहे, शिरा, ओल्या नारळाच्या करंज्या. अक्षदा निळी साडी नेसून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. दहा वाजले. अकरा वाजले. लवू अंगणात येरझाऱ्या घालत होते. “येतील. वाटेत असतील,” ते म्हणत होते, आणि पहिल्यांदाच त्यांना स्टँडवरच्या बाकांवर बसलेली माणसं आपल्याला शिव्या का देत असत ते समजलं.

साडेअकराला लाइनमन बाबली मोटारसायकलवरून धापा टाकत आला. “बागव्यांनू! तुमचे पावणे तोंडवलेक बसलेहत!”

राऊळांनी मसुऱ्याच्या तिठ्यावर येऊन चारशे बेचाळीसला फोन केला होता. यशोदाबाईंनी विचारलं, “हा फोन आहे त्या घरी कसं यायचं?” काशीबाई सरळ बाई. जे विचारलं त्याचं तिने उत्तर दिलं.

बाबूच्या रिक्षात सत्यवतीबाई, मांडीवर पोह्यांचं पातेलं. त्यांच्या शेजारी अक्षदा, हातात करंज्यांचा डबा. आणि पुढे बाबूच्या बाजूला अर्ध्या सीटवर लवू, मांडीवर शिरा. वाटेत बाबूने सल्ला दिला, “लवूदादा, तेंका सांगा, ह्या आमचा समुद्राकडचा घर.”

“गप रव आणि चलव,” लवू म्हणाले.

काशीबाईच्या अंगणात प्लास्टिकच्या तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला जाळं पसरलेलं, दुसऱ्या बाजूला सुकत घातलेले बांगडे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवून दोन मांजरं. प्रितेशचे वडील, भाई राऊळ, तळलेला बांगडा खात होते. ताटाकडे पाहता हा पहिला नसावा. प्रितेश सोलकढीचा पेला घेऊन बसला होता. यशोदाबाई मात्र खुर्चीच्या कडेवर, पर्स दोन्ही हातांनी धरून.

लवू रिक्षातून उतरले. शिऱ्याचा डबा कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना, म्हणून तो हातात घेऊनच त्यांनी नमस्कार केला.

“बागवे तुम्हीच ना?” यशोदाबाई म्हणाल्या. “नाही, विचारून घेते. बायोडाटात घर मसुऱ्याचं. फोन लावला तर तो तोंडवलीत वाजतो. आणि ह्या बाई म्हणतात, महिन्यापूर्वी आम्हाला अमेरिकेतून फोन आले तेही तुमचेच. फोनसुद्धा जर एका जागी नसेल, तर बाकीचं काय खरं धरायचं आम्ही?”

लवूंनी घसा साफ केला. “तांत्रिक अडचणींमुळे,” त्यांनी स्टँडवरच्या आवाजात सुरुवात केली, “दूरध्वनी सेवेच्या स्थलांतरणाच्या प्रक्रियेमध्ये...” आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. समोर माणसं वाट बघत होती. मुलगी मागे उभी होती. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला आणि थेट शिऱ्याच्या झाकणावर पडला.

“बाबांनी नंबर जाऊ नये म्हणून अर्ज केला,” अक्षदा पुढे होऊन म्हणाली. “त्यात नवीन पत्ता लिहिला, इंटरनेट. कंप्युटरला ते गाव सापडलं नाही. त्याने तोंडवली घेतलं. एवढंच झालंय.”

मग प्रितेश हसला. हसताना सोलकढी नाकात गेली आणि त्याला ठसका लागला. लवूंनी मान खाली घातली.

“हसत नाही हो मी तुम्हाला,” प्रितेश डोळे पुसत म्हणाला. “आमच्या ऑफिसात एक विहीर आहे. कोणीतरी तिच्यापुढे चुकून ‘मयत’ लिहिलं. पाणी आहे, गाव पितंय, पण कंप्युटरात ती मेलेली. तिच्या दुरुस्तीला पैसा मिळत नाही. एक वर्ष झालं, मी तिला जिवंत करायला पत्रं लिहितोय.”

“हयातीचा दाखला जोडलात?” अक्षदाने विचारलं.

“मागितलाय त्यांनी. सही किंवा अंगठा हवा म्हणतात.”

“मग बादली दोराने सोडा आणि वर येईल ते पाणी दाखल्यावर शिंपडा.”

प्रितेशने पेला खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. भाईंनी तिसरा, किंवा चौथा, बांगडा उचलला. ते कुठल्या बाजूला आहेत हे स्पष्ट होतं. पण यशोदाबाईंची पर्सवरची पकड काही सुटली नव्हती. त्यांनी काशीबाईकडे मोर्चा वळवला.

“आणि तुम्ही यांच्या कोण?”

“कोण नाय,” काशीबाई म्हणाली. “मी तेंका मासळी इकतंय. पण बाये, सात वर्सां इकतंय. माशाचो कल्लो उचललो की ताजो काय शिळो ता कळता. माणसाचो कल्लो मासळी घेताना उघडता. एकदा चुकान माझ्याकडसून दोन तुकडे सुरमय जास्ती गेली. ह्या चेडू एस.टी. सुटाच्या आदी धावत इला, परत देवक. माका तर ठावकच नव्हता.”

“आणि वडील?”

काशीबाईने लवूंना आपादमस्तक न्याहाळलं. लवूंना आपला कल्ला कोणीतरी उचलत असल्याचा भास झाला.

“बापूस येडो नाय. हट्टी आसा. पण हट्टी माणूस कोणाक वाऱ्यार सोडणा नाय. ज्येना साधो नंबर सोडूक नाय, तो चेडवाक सोडीत?”

यशोदाबाई काही बोलणार तेवढ्यात आत फोन वाजला. लवू सवयीने दोन पावलं पुढे गेले. पण काशीबाई त्यांच्या आधी आत पोचली. तिने हात लुगड्याला दोनदा पुसले, रिसीव्हर दोन्ही हातांनी उचलला आणि जमिनीवर मांडी घातली.

“दाजी? जेवलंस रे? ... खंय आसस आता? ... वारो कसो आसा? ... नाय रे, मी बरी आसंय. पावणे इलेहत, कंट्रोलरांचे. ... तू जेवलंस काय ता सांग आधी.”

दाजी तिचा एकुलता एक मुलगा. तो गोव्याच्या ट्रॉलरवर होता. बोट बंदराला लागली की रविवारी फोन करायचा. हे मोटारसायकलवरून मागोमाग आलेल्या बाबलीने लवूंच्या कानात सांगितलं. “आधी थय लांब दुकानात फोन येय,” बाबली म्हणाला. “निरोप पोचेसर बोट सुटा. दोन वर्सां तिना झिलाचो आवाज फक्त तो घराक इल्यावर आयकलो.”

काशीबाई फोनवर काही खास बोलली नाही. जेवलास का, वारा कसा, गंजी धुतलीस का. चार मिनिटांत फोन संपला. रिसीव्हर ठेवल्यावर ती थोडा वेळ तिथेच, त्याच्यावर हात ठेवून बसली. दारात शिऱ्याचा डबा घेऊन उभे असलेले लवू हे सगळं बघत होते. त्यांनी डबा हळूच चौकटीपाशी ठेवला आणि ते अंगणात परत आले. तिथे जाळ्यापाशी ते जमिनीवरच बसले. सत्यवतीबाईंना वाटलं, ऊन लागलं.

यशोदाबाईंनी शेवटी करंजी घेतली. मग आणखी एक घेतली. प्रितेश आणि अक्षदा किनाऱ्याने लांबवर चालत गेले आणि तासाभराने विहिरीचा अर्ज कसा लिहावा यावर वाद घालत परत आले. “ठरलं म्हणा,” भाई राऊळ बोटं चाटत म्हणाले. त्यांच्या तोंडून त्या दिवशी निघालेलं हे पहिलं वाक्य.

एप्रिलच्या अखेरीस नव्वद दिवस भरले. लवू इस्त्रीचा शर्ट घालून मालवणला गेले. रूपाली मॅडमनी त्यांना बघताच शिफ्टिंगचा फॉर्म काढून ठेवला.

“हा नको,” लवू म्हणाले. “नावात बदलाचा द्या.”

“म्हणजे नंबर परत नको?”

“मला नवीन द्या. कुठलाही चालेल.”

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. “तुम्ही त्या नंबरासाठी तीन महिने...”

“फॉर्म द्या मॅडम,” लवू म्हणाले. त्यांनी खिडकीतून हात पुढे केला.

ते त्याच बाकावर बसले. ‘सध्याचे फोनधारक : लवू बागवे.’ ‘नवीन फोनधारक : काशीबाई, तोंडवली.’ पुढचा रकाना : ‘उभयतांतील नाते.’

“हे भरावंच लागतं का?” त्यांनी विचारलं.

“लागतं. नात्यात असेल तरच नाव बदलतं. कंप्युटर कोरं घेत नाही.”

मागे रांग होती. लवूंनी पेन उचललं, खाली ठेवलं. मागच्या खेपेला एक रकाना प्रामाणिकपणे भरल्यामुळे काय काय झालं ते त्यांना आठवलं. त्यांनी चष्मा पुसला. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘बहीण.’

रूपाली मॅडमनी वाचलं. त्यांनी कंप्युटरवर यादी उघडली. त्यात ‘बहीण’ होतं. कंप्युटरने ते मुकाट्याने घेतलं.

हे लवूंनी घरात कोणाला सांगितलं नाही. अक्षदाचं लग्न मे महिन्यात झालं. पाऊस आला आणि गेला. ऑक्टोबरात दिवाळी आली. भाऊबिजेच्या दिवशी सकाळी बागव्यांच्या दारात काशीबाई उभी राहिली. डोक्यावर पाटी नव्हती. अंगावर नवं लुगडं होतं, आणि हातात फडक्याने झाकलेलं ताट.

“आज मासळी नाय?” सत्यवतीबाईंनी विचारलं.

“आज नाय.” काशीबाईने फडकं काढलं. ताटात निरांजन, सुपारी, करदोडा आणि लाडू होते. “टेलिफोनाचो कागद इलो घराक. दाजीन वाचून दाखवल्यान. बसा कंट्रोलरांनू, पाट घेवा.”

लवू कानापर्यंत लाल झाले. “अगो, ता... ता कंप्युटराक होया होता म्हणान...”

“कंप्युटराक होया होता ता तुमी दिलास,” काशीबाई वात सरळ करत म्हणाली. “माका होया ता मी घेतंय. बसा, वारो आसा, दिवो जातलो.”

लवू पाटावर बसले.